पहिल्या घराची सूट नेमकी कोणाला मिळते?

नवीन घर घेतलं असं कोणाला सांगितलं की किती स्क्वेअर फूट, स्टेशनपासून किती लांब, हे दोन प्रश्न झाले की लगेच पुढचं वाक्य येतं, "चला, टॅक्स तरी वाचेल". आत्या म्हणते, शेजारचे काका म्हणतात, फ्लॅट दाखवायला आलेला सेल्सवालाही सॅम्पल फ्लॅटच्या किचनमध्ये उभा राहून हेच म्हणतो. आणि पहिलं घर घेणाऱ्या माणसाला हे वाक्य ऐकून खरंच बरं वाटतं, कारण त्या दिवसांत सगळीकडून फक्त पैसे जात असतात, त्यात कुठून तरी काहीतरी परत येणार आहे एवढं ऐकलं तरी जरा आधार वाटतो. मला या वाक्याबद्दल लिहायचंय. मी एका कंपनीत पेरोलचं काम बघते, दरवर्षी लोकांचे होम लोनचे कागद माझ्या टेबलावरून जातात, आमचं स्वतःचंही लोन चालू आहे, आणि हा टॅक्स नेमका कोणाचा वाचतो, किती वाचतो, हे इतकी वर्षं जवळून बघितल्यावर गप्प बसवत नाही.

जानेवारी आला की आमच्याकडे इन्व्हेस्टमेंट प्रूफ जमा करायची गडबड सुरू होते. एलआयसीच्या पावत्या, शाळेच्या फीच्या पावत्या, मेडिक्लेम, आणि बँकेचं प्रोव्हिजनल इंटरेस्ट सर्टिफिकेट. या सर्टिफिकेटवर कामाचे आकडे दोनच, मुद्दल किती फिटलं आणि व्याज किती गेलं. एकदा सेल्स टीममधला एक मुलगा ते घेऊन आला, पहिलंच वर्ष होतं त्याचं, आणि माझ्यासमोर कागद ठेवून म्हणाला, "ताई, यांनी आकडे उलटे छापलेत का बघा ना." उलटे नव्हते छापलेले. ३० लाखांचं लोन, ८.५ टक्के दर, २० वर्षं मुदत असेल तर महिन्याला साधारण २६ हजारांचा हप्ता बसतो, म्हणजे वर्षाला ३ लाख १२ हजार आपण भरतो आणि त्यातले अडीच लाखांच्या वर नुसतं व्याज असतं, मुद्दल ६० हजारही कमी होत नाही. त्याला वाटत होतं की दीड-दोन लाख तरी फिटले असतील. मी त्याला आकडेमोड करून दाखवली, तो बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिला आणि मग विचारलं, "पण यातलं टॅक्समधून परत येतं ना?"

परत येतं, पण किती ते सांगते. आपल्याकडे घराच्या व्याजावर जे मिळतं ती उत्पन्नातून वजावट असते. कलम २४(बी) खाली स्वतः राहत्या घराच्या व्याजाचे वर्षाला जास्तीत जास्त २ लाख उत्पन्नातून वजा होतात, आणि मुद्दल ८०सी मध्ये, म्हणजे पीएफ, एलआयसी, शाळेची फी जिथे धरतात त्याच कलमात जातं, तिथली मर्यादा दीड लाख. (२०२५ चा नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा आहे, त्यात कलमांचे नंबर बदललेत, पण सगळ्यांच्या तोंडात जुनेच नंबर आहेत म्हणून मीही तेच वापरतेय.) आता उत्पन्नातून २ लाख वजा झाले म्हणजे हातात २ लाख आले असं नाही. जुन्या रेजिममध्ये, म्हणजे या वजावटी मिळतात त्या जुन्या करपद्धतीत, जो ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये आहे त्याचे सेससकट ६२,४०० रुपये वाचतात. २० टक्केवाल्याचे ४१,६००. आणि ज्याचं करपात्र उत्पन्न मुळातच ५ लाखांच्या आत आहे त्याला ८७ए च्या रिबेटमुळे, म्हणजे करमाफीमुळे, टॅक्सच नाही, म्हणून त्याचे वाचणार शून्य. तेच घर, तेच व्याज, तीच बँक. ज्याचा पगार जास्त त्याला सरकारची मदत जास्त आणि ज्याला हप्ता भरताना घाम फुटतो त्याला काहीच नाही.

टॅक्स क्रेडिट हा प्रकार वेगळा. त्यात सूट थेट भरायच्या टॅक्समधून कमी होते, म्हणजे ठरलेली रक्कम सगळ्यांना सारखी, स्लॅब कुठलाही असो. आणि क्रेडिट जर रिफंडेबल असेल तर टॅक्स शून्य असला तरी पैसे खात्यात येतात. पहिल्या घरासाठी असलं काही आपल्या आयकरात नाही, आपण सगळी भिस्त वजावटीवर ठेवली. मला हा फरक फार मोठा वाटतो आणि दर बजेटच्या आधी टीव्हीवर तासभर चर्चा चालते त्यात याबद्दल कोणी बोलताना दिसत नाही, तिथे फक्त २ लाखांचे ३ लाख करा, ५ लाख करा एवढंच चालू असतं.

आमच्या ऑफिसात पँट्रीचं काम बघणारे एक मामा आहेत, सगळे त्यांना मामाच म्हणतात. त्यांनी वांगणीला वन आरके घेतला. इतकी वर्षं भाड्याच्या खोलीत काढली होती, दर ११ महिन्यांनी अॅग्रीमेंट, दर वेळी भाडं वाढ, आणि मुलगी दहावीला आली तेव्हा त्यांनी ठरवलं की आता काय वाटेल ते झालं तरी हलायचं नाही. त्यांच्या पगारावर टॅक्स लागतच नाही. म्हणजे २४(बी), ८०सी, यातलं काही त्यांच्या उपयोगाचं नव्हतं. पण त्यांच्या वेळी प्रधानमंत्री आवास योजनेतली व्याज सबसिडी चालू होती, सीएलएसएस म्हणायचे ती. वर्षाला ६ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना पहिल्या ६ लाखांच्या कर्जावर साडेसहा टक्के व्याजाची सबसिडी, आणि गंमत म्हणजे ती दरवर्षी थोडी थोडी नाही, २० वर्षांचा सगळा हिशोब आजच्या किमतीत करून एकरकमी २ लाख ६७ हजारांपर्यंतची रक्कम थेट लोन अकाउंटला जमा व्हायची. मामांचं लोन १० लाखांच्या आसपासचं. ती रक्कम जमा झाल्यावर बँकेने हप्ता कमी करून दिला आणि ते तो नवीन शेड्यूलचा कागद मला दाखवायला घेऊन आले, दुपारचा चहा देता देता, ट्रेच्या खाली धरून. "मॅडम, हे बरोबर आहे ना, परत तर नाही घेणार?" नाही घेणार म्हटल्यावर त्यांनी कागदाची नीट घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली. त्या योजनेत या उत्पन्न गटासाठी घर बाईच्या नावावर किंवा बाईचं नाव सोबत असायलाच हवं अशी अट होती, त्यामुळे मामींचं नाव कागदावर आलं, आणि माझ्या मते ही अट कुठल्याही टॅक्सच्या कलमापेक्षा जास्त शहाणपणाची होती.

ती योजना मध्यम उत्पन्न गटासाठी मार्च २०२१ ला संपली आणि मामांच्या गटासाठी मार्च २०२२ ला.

बरं, टॅक्समधून मिळतं ते तरी कधी मिळतं? घर ताब्यात आल्यावर, हप्ते सुरू झाल्यावर, वर्ष संपल्यावर. आणि पहिलं घर घेणाऱ्याला सगळ्यात जास्त अडचण कुठे येते? पहिल्याच दिवशी. समजा ४२ लाखांचा फ्लॅट आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० ते ७५ लाखांच्या लोनला घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के कर्ज मिळतं, म्हणजे ३३ लाख ६० हजार, उरलेले ८ लाख ४० हजार स्वतःचे. स्टॅम्प ड्युटी ७ टक्के धरली तर २ लाख ९४ हजार. रजिस्ट्रेशन ३० हजार. बांधकाम चालू असलेलं घर असेल तर जीएसटी, परवडणाऱ्या घराच्या व्याख्येत बसत असेल तर १ टक्का म्हणजे ४२ हजार, नाहीतर ५ टक्के. आणि स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशन हे घराच्या किमतीत धरून त्यावर लोन देता येत नाही, १० लाखांच्या आतली घरं सोडली तर, म्हणजे हे सगळं रोख उभं करायचं. झाले १२ लाख. यात बँकेची प्रोसेसिंग फी नाही, वकिलाचे नाहीत, पार्किंगचे नाहीत, सोसायटी फॉर्मेशन आणि आगाऊ मेंटेनन्सच्या नावाने बिल्डर घेतो ते नाहीत, आणि लाइट फिटिंग, पंखे, ओटा, पडदे तर नाहीतच. पंचविशी-तिशीतल्या माणसाकडे हे १२ लाख येणार कुठून, तर आईचे दागिने, वडिलांचा पीएफ, मावशीकडून हातउसने, मित्राकडून हातउसने, एखादी एफडी मोडून. ज्याच्या घरात हे काहीच नाही तो याच पायरीवर अडकतो, आणि त्याला २४(बी) मध्ये २ लाख मिळाले काय नि ५ लाख मिळाले काय, तो तिथपर्यंत पोचतच नाही.

स्टॅम्प ड्युटी ८०सी मध्ये दाखवता येते हे खरं आहे, ज्या वर्षी भरली त्या वर्षी. पण ८०सी ची ती दीड लाखांची पिशवी पगारदार माणसाची पीएफनेच अर्धी भरलेली असते, त्यात एलआयसी, त्यात मुलाची फी, त्यात लोनचं मुद्दल, आणि आता त्यात ३ लाखांची स्टॅम्प ड्युटी कोंबायची. जात नाही. मी दरवर्षी लोकांचे डिक्लेरेशन बघते, ज्या वर्षी घर घेतलं त्या वर्षी ८०सी मध्ये ५-६ लाखांचे कागद जोडलेले असतात आणि मोजले जातात दीड. ही दीड लाखांची मर्यादा २०१४ च्या बजेटमध्ये १ लाखावरून वाढवली, व्याजाची मर्यादाही त्याच बजेटमध्ये दीडवरून २ लाख केली, आणि तेव्हापासून दोन्ही तिथेच आहेत. २०१४ मध्ये डोंबिवलीत, कल्याणमध्ये काय भावाने घरं मिळत होती आणि आज काय भाव आहे ते तिथल्या कोणालाही विचारा. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो रेट, म्हणजे ज्यावर बँकांचे कर्जाचे दर हलतात तो रिझर्व्ह बँकेचा दर, ४ वरून साडेसहा टक्क्यांवर गेला, लोकांची लोनची मुदत न विचारता पाच-पाच, सात-सात वर्षांनी लांबली, व्याज वाढलं, आणि वजावट तेवढीच राहिली.

अंडर कन्स्ट्रक्शन घराचं तर बोलायलाच नको, पण बोलते, कारण पहिलं घर घेणारे बहुतेक सगळे तेच घेतात, रेडी पझेशन परवडत नाही म्हणून. ताबा मिळेपर्यंत व्याजाची वजावट घेता येत नाही. तोवर भरलेलं व्याज साठवायचं आणि घर पूर्ण झालं त्या वर्षापासून पाच वर्षांत समान हप्त्यांनी दाखवायचं. कागदावर वाचताना बरं वाटतं. पण ते त्याच २ लाखांच्या मर्यादेत बसवायचं असतं, आणि एकट्याच्या नावावर ३० लाखांचं लोन असेल तर चालू वर्षाचं व्याजच अडीच लाखांच्या आसपास, म्हणजे २ लाख आधीच भरलेले, मग ते साठवलेलं व्याज घालणार कुठे? ते वायाच जातं. आणि याहून वाईट म्हणजे लोन घेतलं त्या आर्थिक वर्षाच्या शेवटापासून पाच वर्षांत घर पूर्ण झालं नाही तर २ लाखांची मर्यादा उतरून ३० हजारांवर येते. पूर्वी ही मुदत तीन वर्षं होती, २०१६ च्या बजेटमध्ये पाच केली. आता सांगा, बिल्डिंग रखडली तर त्यात घर घेणाऱ्याचा काय दोष? तो बिचारा एकीकडे भाडं भरतोय, एकीकडे हप्ता भरतोय, महारेराकडे तक्रार घालून तारखा मोजतोय, आणि टॅक्सचा कायदा त्यालाच सांगतो की तुझं घर वेळेत झालं नाही म्हणून तुझी सूट कमी. हे वाचून मला दर वेळी संताप येतो. आमच्या ओळखीत एका जोडप्याच्या बाबतीत हे झालेलं आहे, त्यांनी पाचवं वर्ष संपताना मला फोन करून विचारलं की बिल्डरकडून नुसतं एक पत्र आणलं तर चालेल का, आणि मला नाही म्हणावं लागलं, कम्प्लिशन सर्टिफिकेट लागतं.

फक्त पहिल्या घरासाठी म्हणून वेगळी सूट आणली गेली नाही असं नाही. २०१३ च्या बजेटमध्ये ८०ईई आलं, १ लाखाची जादा वजावट, पण लोन २५ लाखांच्या आत, घर ४० लाखांच्या आत, आणि लोन फक्त त्या एका आर्थिक वर्षात मंजूर झालेलं हवं. मग ते संपलं. २०१६ मध्ये पुन्हा आणलं, यावेळी ५० हजार, लोन ३५ लाखांपर्यंत, घर ५० लाखांपर्यंत, पुन्हा एकाच वर्षात मंजूर झालेल्या लोनसाठी. मग २०१९ च्या जुलैच्या बजेटमध्ये ८०ईईए, दीड लाखाची जादा वजावट, घराचं सरकारी मूल्य ४५ लाखांच्या आत. ही मुदत आधी मार्च २०२० होती, मग २०२१, मग २०२२, आणि त्यानंतर वाढवली नाही. म्हणजे तुम्ही तिशीत कधी आलात, तुमचं लग्न कधी ठरलं, वडील कधी रिटायर झाले, यावर तुम्हाला सूट मिळणार की नाही ते ठरतं. २०१५ ला घर घेतलं? काही नाही. २०१६ ला? मिळेल. २०१८? नाही. एप्रिल २०२२? नाही. पहिलं घर माणूस आयुष्यात एकदाच घेतो, त्याला दार उघडं सापडलं तर सापडलं.

आमचं लोन २०२१ च्या सुरुवातीला मंजूर झालं, म्हणजे आम्ही ८०ईईए मध्ये बसत होतो. घर बदलापूरला, कारण मुंबईच्या लोकलच्या मार्गावर ४५ लाखांच्या आत दोन खोल्यांचं घर म्हटलं की बदलापूर, वांगणी, टिटवाळा, विरार अशीच नावं येतात. सेल्सवाल्याने आम्हाला सांगितलं होतं, मॅडम व्याजावर साडेतीन लाखांची सूट, २ लाख अधिक दीड लाख, जाहिरातीतही तेच. पण हिशोब करून बघा. बाजारभाव सरकारी मूल्याच्या जवळपास धरला तर ४५ लाखांच्या घराला ८० टक्क्यांनी ३६ लाख लोन, साडेआठ टक्क्यांनी पहिल्या वर्षाचं व्याज ३ लाखांच्या थोडं वर. साडेतीन लाख व्याज होतच नाही तर सूट कुठून घेणार? आणि घर नवरा-बायको दोघांच्या नावावर असेल, आमचं आहे, तर व्याज अर्धं अर्धं होतं, प्रत्येकाच्या वाट्याला दीड लाख किंवा त्याहून कमी, ते २४(बी) मध्येच संपतं, आणि ८०ईईए ला हातच लागत नाही. पहिल्या घरासाठी खास म्हणून आणलेली सूट, आणि जोडीने घर घेणाऱ्या नोकरदारांच्या ती कामालाच येत नव्हती.

आम्हाला खरा उपयोग झाला तो दुसऱ्याच गोष्टीचा. कोविडनंतर राज्य सरकारने स्टॅम्प ड्युटी कमी केली होती, सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मध्ये ३ टक्के कमी, जानेवारी ते मार्च २०२१ मध्ये २ टक्के कमी. आमचं अॅग्रीमेंट त्या शेवटच्या मार्चमध्ये रजिस्टर झालं. दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात इतकी गर्दी की जिन्यावर लोक बसलेले, कोणाच्या मांडीवर मूल, कोणाचे म्हातारे आईवडील सही करायला आणलेले, मास्क सगळ्यांच्या हनुवटीवर, आणि आतून नाव पुकारलं की फोटोसाठी मास्क काढून पळायचं, अंगठा लावायचा, अंगठा मशीन घेत नाही म्हणून परत पुसून लावायचा. संध्याकाळी उशिरा आमचा नंबर लागला. पण ते २ टक्के म्हणजे ८० हजारांच्या वर रक्कम होती आणि ती त्याच दिवशी वाचली, जेव्हा आमच्या खात्यात अक्षरशः काही शिल्लक राहिलं नव्हतं. तेव्हा मला पटलं की पहिल्या दिवशी वाचलेल्या ८० हजारांची किंमत पुढे दरवर्षी वाचणाऱ्या २०-३० हजारांपेक्षा जास्त असते.

पण ती सवलतही तारखेची होती आणि सगळ्यांनाच होती, पहिलं घर असो की पाचवं. अशा तारखेच्या सवलतीने काय होतं हे अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर बघायला मिळालं होतं. २००८ ला तिकडे घरांचा बाजार कोसळला तेव्हा त्यांनी पहिलं घर घेणाऱ्यांसाठी टॅक्स क्रेडिट आणलं. पहिल्या वर्षीचं ७,५०० डॉलर्सपर्यंतचं, पण ते खरं तर बिनव्याजी कर्ज होतं, १५ वर्षांत परत फेडायचं. २००९ मध्ये ते ८,००० डॉलर्सपर्यंत केलं आणि घरात तीन वर्षं राहिलात तर परतफेड नाही. आणि ते रिफंडेबल होतं, टॅक्स कमी भरत असाल तरी पूर्ण रक्कम मिळायची. आपल्या मामांसारख्या माणसालाही मिळाली असती ती. त्यात गैरप्रकारही झाले, एका चार वर्षांच्या मुलाच्या नावाने क्लेम केल्याचं त्यांच्याच तपासणीत निघालं. आणि २०१० च्या एप्रिलअखेर सौदा करायची मुदत संपली तशी त्या जुलैत जुन्या घरांची विक्री एका महिन्यात २७ टक्क्यांनी खाली आली, कारण ज्यांना पुढे घ्यायचं होतं त्यांनी आधीच घेऊन टाकलेलं. म्हणजे कल्पना चांगली होती, रक्कम सगळ्यांना सारखी, पण दार पुन्हा तारखेचंच. मला वाटतं पहिल्या घराची मदत ही बाजाराला उठवायचं साधन म्हणून वापरली की ती अशीच होते. बाजार उठला की मदत बंद, आणि त्यानंतर घर घेणारा माणूस उपाशी.

अजून एक भानगड आहे, पहिलं घर म्हणजे काय याची. आवास योजनेत अट होती की नवरा, बायको आणि अविवाहित मुलं यांपैकी कोणाच्याही नावावर भारतात कुठेही पक्कं घर नको. ८०ईईए मध्येही लोन मंजूर होतं त्या तारखेला नावावर घर नको. आता आपल्याकडे, विशेषतः कोकणातल्या लोकांकडे बघा. गावाला आजोबांनी बांधलेलं चिरेबंदी घर असतं, आजोबा गेले, मग वडील गेले, वारस नोंद झाली आणि ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या उताऱ्यावर चुलते, चुलत भाऊ, आत्या, अशी दहा-बारा नावं चढली, त्यात आपलंही. त्या घरात आपण गणपतीत चार दिवस जातो, बाकी वर्षभर कुलूप. ते विकता येत नाही, त्यावर लोन मिळत नाही, त्यात राहून मुंबईत नोकरी करता येत नाही. पण शपथपत्रावर लिहायचंय की माझ्या नावावर कुठेही घर नाही. आमच्या इथला एक जण, देवगडकडचा, याच कारणाने सबसिडीचा फॉर्म भरायला तयार होईना. खोटं लिहून देणार नाही म्हणाला, आणि शेवटपर्यंत त्याने फॉर्म भरला नाही. त्याच्यापेक्षा जास्त गरज असलेला माणूस मला त्या वर्षी दुसरा दिसला नव्हता. कायदा करणाऱ्यांना वाटणीचं, सामाईक घर काय असतं हे माहीत नसेल असं मला वाटत नाही, पण त्याची दखल घेतलेली दिसत नाही.

आणि आता या सगळ्यावर नवी रेजिम आली. २०२० च्या बजेटमध्ये ती पर्याय म्हणून आणली, २०२३-२४ पासून तीच डिफॉल्ट झाली. त्यात राहत्या घराच्या व्याजाची वजावट नाही, ८०सी नाही. भाड्याने दिलेल्या घराचं व्याज भाड्याच्या उत्पन्नातून वजा करता येतं, पण तोटा झाला तर तो पगारातून कमी करता येत नाही. आता जुनीच रेजिम घ्या ना, असं लोक म्हणतात. मी गणित करते, तुम्हीही करून बघा. २०२५ च्या बजेटनंतर १२ लाख ७५ हजार पगार असेल तर नव्या रेजिममध्ये टॅक्स शून्य. तोच माणूस जुन्यात गेला, ५० हजार स्टँडर्ड डिडक्शन, ८०सी चे पूर्ण दीड लाख, घराच्या व्याजाचे पूर्ण २ लाख घेतले, तरी करपात्र उरतात ८ लाख ७५ हजार आणि टॅक्स भरावा लागतो ९१ हजार. ८०ईईए चे दीड लाख पूर्ण मिळाले असं धरलं तरी ५९,८०० भरावे लागतात. म्हणजे या पगारापर्यंतच्या माणसाला नव्यातच राहावं लागतं, आणि नव्यात राहिलं की घराची सूट संपली. आमच्याकडे हल्ली जानेवारीत इंटरेस्ट सर्टिफिकेट घेऊन फारसं कोणी येतच नाही, जे येतात ते मोठ्या पगारावरचे, एचआरए वगैरे सगळं धरून ज्यांना जुन्यात अजून फायदा होतो असे.

टॅक्स कमी झाला हे चांगलंच झालं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, माझाही कमी झाला. पण तो घर घेणाऱ्याचा आणि न घेणाऱ्याचा सारखाच कमी झाला. पहिलं घर घ्यायला म्हणून पगारदार माणसाला जो हात दिला जायचा, तोकडा का होईना, तो आता या पगाराच्या लोकांसाठी उरलेला नाही आणि त्या जागी दुसरं काही आलेलं नाही. आवास योजनेचा दुसरा टप्पा २०२४ मध्ये सुरू झाला, त्यात ९ लाखांपर्यंत उत्पन्न, २५ लाखांपर्यंत लोन, ३५ लाखांपर्यंत घर असेल तर जास्तीत जास्त १ लाख ८० हजारांची सबसिडी आहे, पाच वार्षिक हप्त्यांत. मामांसारख्यांसाठी ती आहे हे बरंच आहे. पण पूर्वी एकरकमी मिळायची ती आता तुकड्यांत, आणि ३५ लाखांत मुंबई-पुण्याच्या आसपास काय मिळतं ते आपल्याला माहीत आहे.

मला विचाराल तर व्याजावरची वजावट राहू दे की जाऊ दे, त्यात मला आता रस नाही. पहिलं घर रजिस्टर करताना, त्याच टेबलावर, एक ठरावीक रक्कम स्टॅम्प ड्युटीतून माफ करा, पगार कितीही असो, तारीख कुठलीही असो, आणि सामाईक वडिलोपार्जित घराचा दहावा-बारावा हिस्सा त्यात धरू नका. श्रीमंताच्या मोठ्या फ्लॅटला ती रक्कम किरकोळ वाटेल, वांगणीच्या वन आरकेला तीच रक्कम फार मोठी असेल, आणि तसंच असायला हवं. आयुष्यात एकदा, आधार आणि पॅनला जोडून, म्हणजे दुसऱ्यांदा कोणी घेऊ शकणार नाही.

सध्या आमच्या ऑफिसातली एक मुलगी घर बघतेय, पगार ११ लाखांच्या आसपास, घर अंबरनाथला, ४० लाखांचं. तिने मला विचारलं, "ताई, माझ्यासाठी काय आहे यात?" आवास योजनेत उत्पन्न जास्त, ८०ईईए बंद, जुनी रेजिम परवडत नाही. एकच गोष्ट सापडली. महाराष्ट्रात एप्रिल २०२१ पासून घर फक्त बाईच्या किंवा बायकांच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्युटीत १ टक्का सूट आहे, आणि १५ वर्षं पुरुषाला विकायचं नाही ही जी अट होती ती २०२३ मध्ये काढून टाकली. म्हणजे तिचे ४० हजार वाचतात, पहिल्याच दिवशी. तिच्या एकटीच्या पगारावर लोन थोडं कमी पडत होतं म्हणून वडिलांचं नाव लावायचं चाललं होतं, आणि अॅग्रीमेंटवर वडिलांचं नाव आलं की ही सूट गेली. बँकेत जाऊन विचारलं, तर वडील फक्त को-बॉरोअर आणि घर तिच्या आणि आईच्या नावावर, असं चालतंय म्हणाले. तिने घरी सांगितलं तर वडील लगेच हो म्हणाले, अडून बसलीये ती आई, माझं नाव कशाला म्हणते. शनिवारी ती आईला घेऊन येणार आहे माझ्याकडे, कागद मी काढून ठेवलेत.